यॉटचा झेंडा परदेशी असला म्हणजे नक्की काय बदलतं?

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या आंतीब बंदरात मोठमोठ्या यॉट ओळीने उभ्या असतात. प्रत्येकीच्या मागच्या बाजूला तिचं नाव आणि त्याखाली नोंदणीचं बंदर रंगवलेलं असतं. धक्क्यावरून चालत ही नावं वाचत गेलं तर भूगोलाचा गोंधळ उडतो. जॉर्ज टाऊन (केमन बेटं), वॅलेटा (माल्टा), डग्लस (मॅन बेट) आणि मधूनच एखादीवर चक्क बिकिनी. हे बिकिनी म्हणजे प्रशांत महासागरातल्या मार्शल बेटांपैकी एक प्रवाळद्वीप. अमेरिकेने तिथे 1946 ते 1958 या काळात 23 अणुस्फोट केले आणि तिथून हलवलेल्या लोकांना अजून कायमचं घरी परतता आलेलं नाही. ज्या यॉटच्या पाठीवर ते नाव आहे तीही तिकडे कधी फिरकलेली नसते, मालक तर नाहीच. तरीही कायद्याच्या नजरेत ती यॉट त्या देशाची.

हे असं कसं चालतं, हा एक प्रश्न. दुसरा प्रश्न जास्त वेळा विचारला जातो. ब्रिटन, अमेरिका, आखाती देश इथे स्थिरावलेल्या मराठी माणसांत दहा-बारा मीटरची शिडाची बोट घेणारे आता भेटतात, आणि त्यांच्या गप्पा हमखास इथे येऊन ठेपतात: "बाहेरचा झेंडा लावला की टॅक्स वाचतो ना?" बहुतेक वेळा याचं उत्तर ‘नाही’ असंच आहे. झेंडा बोटीचा असतो. कर ठरतो तो मालक राहतो कुठे आणि बोट उभी असते कुठे यावरून. एवढं डोक्यात पक्कं बसलं तर या विषयातला निम्मा गुंता सुटतो. उरलेला निम्मा कागदपत्रांचा.

झेंडा म्हणजे कायदा

भर समुद्रात कुणाचीच सत्ता नसते. मग तिथे बोटीवर चोरी झाली, कुणी मेलं, खलाशाचा पगार थकला, तर कायदा कुणाचा? उत्तर सरळ आहे: ज्या देशात बोट नोंदलेली, त्याचा. संयुक्त राष्ट्रांच्या 1982 च्या सागरी कायदा कराराने हे लिहून ठेवलं आहे. कोणत्या बोटीला आपलं राष्ट्रीयत्व द्यायचं हे प्रत्येक देशाने ठरवावं, देश आणि बोट यांच्यात खरा संबंध असावा आणि बोटीने एकाच देशाचा झेंडा लावावा. सोयीप्रमाणे दोन झेंडे आलटूनपालटून वापरणारी बोट कुठल्याच देशाची धरली जात नाही. अशा बेवारस बोटीवर कुठल्याही देशाची युद्धनौका चढून तपासणी करू शकते.

यातली ‘खरा संबंध असावा’ ही अट ऐकायला भारदस्त आहे, व्यवहारात मात्र फार सैल. तो संबंध कसा मोजायचा हे करारात सांगितलेलंच नाही. त्यामुळे काही देशांनी नोंदणी हाच व्यवसाय केला. मार्शल बेटांच्या रजिस्ट्रीचा कारभार अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातून चालतो. मंगोलियाला समुद्रकिनाराच नाही, तरी त्याची जहाज नोंदणी आहे आणि ती सिंगापूरहून चालते. किनारा नसलेल्या देशांनाही झेंड्याचा हक्क आहे, हे 1921 च्या बार्सिलोना घोषणेपासून मान्य आहे.

परका झेंडा घेण्याची चाल नवी नाही. अमेरिकेत दारूबंदी आली तेव्हा ‘रिलायन्स’ आणि ‘रिझोल्यूट’ या दोन प्रवासी जहाजांवर दारू विकणं अमेरिकी झेंड्याखाली अशक्य झालं. 1922 मध्ये मालकांनी ती पनामाच्या झेंड्याखाली नेली आणि बार पुन्हा उघडले. आपल्या किनाऱ्यावर तर याच्या कितीतरी आधी, सोळाव्या शतकापासून, पोर्तुगीजांचा ‘कार्ताझ’ नावाचा परवाना घेतल्याशिवाय व्यापारी गलबतांना अरबी समुद्रात सुखाने जाता येत नसे. पुढे कान्होजी आंग्र्यांनी त्याच हक्काने दस्तकं द्यायला सुरुवात केली आणि इंग्रजांनी ती घ्यायला नकार दिला म्हणून भांडणं झाली. कुणाचा कागद घेऊन समुद्रात उतरायचं हा प्रश्न कोकणच्या तांडेलाला ठाऊक होताच.

झेंडा काय करत नाही

पुदुच्चेरीची नंबर प्लेट लावून दुसऱ्याच राज्यात फिरणाऱ्या महागड्या गाड्या आपण पाहिल्या आहेत. तिथला रोड टॅक्स कमी, म्हणून पत्ता तिथला दाखवायचा आणि गाडी चालवायची आपल्या शहरात. आरटीओने पकडलं की गाडी प्रत्यक्षात कुठे असते हेच विचारतात, प्लेटवर काय लिहिलंय ते नाही. यॉटचं अगदी तसंच आहे.

युरोपचं उदाहरण घेऊ, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. युरोपीय संघात राहणाऱ्या माणसाने तिथे बोट वापरायची तर तिच्यावर व्हॅट भरलेला हवा. तो थोडाथोडका नसतो: फ्रान्समध्ये 20 टक्के, इटलीत 22, ग्रीसमध्ये 24, क्रोएशियात 25. मात्र बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांसाठी एक सवलत आहे, तिला टेंपररी ॲडमिशन म्हणतात. बोट युरोपीय संघाबाहेर नोंदलेली हवी, ती संघाबाहेर राहणाऱ्या माणसाच्या नावावर हवी आणि वापरणाराही संघाबाहेरचा रहिवासी हवा. असं असेल तर व्हॅट न भरता बोट 18 महिने तिथे ठेवता येते.

अटी तीन आहेत आणि झेंडा ही त्यातली फक्त एक. समजा, नागपूरचं एक जोडपं पोर्तुगालची निवास परवानगी घेऊन लिस्बनला राहतंय. पासपोर्ट भारतीय, बोटीवर झेंडा केमन बेटांचा. त्यांना ही सवलत नाही, कारण ती दोघं राहतात युरोपात. इथे पासपोर्ट बघत नाहीत, वास्तव्य बघतात. उलट लंडनमध्ये राहणाऱ्या मराठी डॉक्टरला ब्रिटिश झेंड्याची साधी बोट ग्रीसला नेऊन ठेवायची असेल तर 1 जानेवारी 2021 पासून ही वाट मोकळी आहे, कारण ब्रिटन संघाबाहेर पडलं. ब्रेक्झिटने बोटवाल्यांचं डोकं पुष्कळ खाल्लं, पण ही एक गोष्ट त्यांच्या पदरात पडली.

18 महिने संपत आले की बोट संघाच्या हद्दीबाहेर न्यायची आणि परत आणायची. घड्याळ नव्याने सुरू होतं. कॉस किंवा सिमी या ग्रीक बेटांवरून तुर्कस्तानचा किनारा डोळ्यांना दिसतो, तेव्हा हे काम एका दिवसात उरकणारे पुष्कळ आहेत. पण गेलो होतो हे सिद्ध करायची जबाबदारी आपली. तिकडच्या बंदराचा शिक्का, मरिनाची (यॉटच्या धक्क्याची) पावती, डिझेलचं बिल, जे मिळेल ते फाइलला लावायचं. कस्टमच्या माणसापुढे फोनमधला फोटो फारसा चालत नाही. आणखी एक घोळ इथे होतो. 18 महिने बोटीचे. शेंगेन व्हिसाचे 180 पैकी 90 दिवस माणसांचे. बोट मजेत ग्रीसमध्ये उभी आणि मालक मात्र घरी परतलेला, हे चित्र नेहमीचं आहे.

दुसरीकडे, युरोपीय देशाचा झेंडा आहे म्हणजे व्हॅट भरलाय असंही नाही. वॅलेटा लिहिलेल्या यॉटवर व्हॅट भरलेला असेल किंवा नसेलही. जुनी बोट घेताना विकणारा ‘युरोपियन फ्लॅग आहे, काळजी नको’ म्हणाला तर त्याच्याकडे व्हॅट भरल्याचं मूळ बिल मागा. ते नसेल तर किंमत त्या हिशेबाने पाडून मागा. माल्टाच्या लीजिंग योजनांमधून व्हॅट जवळजवळ नाहीसा करण्याची एक युक्ती काही वर्षं चालली. पण 2017 च्या अखेरीस पॅरडाइज पेपर्स ही परदेशी कंपन्यांची फुटलेली कागदपत्रं बाहेर आली आणि मार्च 2018 मध्ये युरोपीय आयोगाने माल्टा, सायप्रस आणि ग्रीस या तिघांविरुद्ध कारवाई सुरू केली. पळवाटा बुजतात. त्या बुजल्या तेव्हा आपली बोट कुठे होती, हा प्रश्न मात्र मालकाच्या मागे लागतो.

शिवाय ज्या देशाच्या पाण्यात बोट ठेवाल तो आपले स्थानिक कर घेतोच. ग्रीसमध्ये सात मीटरपेक्षा लांब बोटींना लांबीप्रमाणे तेपाई नावाचा कर भरावा लागतो, झेंडा कुठलाही असो.

मग परदेशी झेंडा घेतात कशाला?

कारणं आहेत आणि ती रास्त आहेत. काही देशांत परदेशी माणसाला त्यांची नोंदणी मिळतच नाही. अमेरिकेत कोस्ट गार्डकडची नोंदणी, जिला तिथले लोक डॉक्युमेंटेशन म्हणतात, फक्त अमेरिकी नागरिकांना मिळते आणि तीही किमान पाच नेट टनांच्या (टन इथे वजन नव्हे, आतल्या जागेचं माप) बोटीला. ग्रीन कार्ड असून भागत नाही. न्यू जर्सीत वीस वर्षं राहिलेला, पण नागरिकत्व न घेतलेला मराठी माणूस आपल्या राज्याचा नंबर बोटीला लावू शकतो आणि किनाऱ्याजवळ हिंडू शकतो. मात्र बहामाच्या पुढे जायचं झालं तर राज्याचा तो कागद प्रत्येक बंदरात मानतीलच असं नाही. त्याने दुसरा झेंडा शोधला तर त्यात लबाडी काहीच नाही.

दुसरं कारण कर्जाचं. बँकेला बोट गहाण हवी असते आणि गहाणखत जिथे नीट नोंदतात, कोर्ट जिथे लवकर निकाल देतात, असा देश बँकेला हवा असतो. मोठ्या यॉटवर ब्रिटिश कुळातले झेंडे इतके का दिसतात याचं बरंचसं उत्तर यात आहे. ब्रिटन, त्याच्या लगतची मॅन, जर्सी, गर्न्सी ही बेटं, आणि केमन, बर्म्युडा, जिब्राल्टर असे सागरापारचे प्रदेश यांच्या रजिस्ट्र्यांना मिळून रेड एन्साइन ग्रुप म्हणतात. लाल झेंडा, कोपऱ्यात युनियन जॅक आणि पुढे त्या त्या बेटाचं चिन्ह. कायद्याची चौकट ब्रिटिश असल्याने वकील आणि विमा कंपन्या निश्चिंत असतात.

तिसरं कारण भाड्याचं, आणि इथे थोडं सावध राहायला हवं. खासगी म्हणून नोंदलेल्या यॉटवर मालक, त्याचं कुटुंब आणि मित्रमंडळी. ब्रिटिश व्याख्येप्रमाणे बरोबरची मंडळी त्या सफरीच्या थेट खर्चाला हातभार लावू शकतात, पण त्यापलीकडे मालकाच्या खिशात पैसे जाता कामा नयेत. ‘उन्हाळ्यात चार आठवडे भाड्याने दिली तर मरिनाचा खर्च निघेल’ हा बेत जवळपास प्रत्येक नवा मालक आखतो. त्यासाठी व्यावसायिक नोंदणी लागते. तपासणी, सुरक्षा साधनं, परवानाधारक कप्तान, सगळ्याची पातळी वर जाते. 24 मीटरच्या वर गेलात तर लार्ज यॉटचे नियम लागतात आणि बारापेक्षा जास्त पाहुणे घेतलेत तर ती प्रवासी जहाजांच्या पंक्तीत जाते. खासगी नोंदणीवर भाडं घेतलं आणि अपघात झाला, तर विमा कंपनी सगळ्यात आधी हाच मुद्दा काढते. माझा स्पष्ट सल्ला: वर्षाला चार आठवड्यांच्या भाड्यासाठी हा व्याप करू नका.

ब्रिटिश नोंदणी, जवळून

हा सगळ्यात ओळखीचा मार्ग आहे, म्हणून थोडा सविस्तर. ब्रिटनची रजिस्ट्री कार्डिफला आहे. खासगी बोटवाल्याच्या कामाचे तिचे दोन भाग: पार्ट वन आणि पार्ट थ्री.

पार्ट थ्री म्हणजे स्मॉल शिप्स रजिस्टर. बोट 24 मीटरच्या आतली हवी, मालक व्यक्ती हवी, कंपनी नाही, आणि त्याचं वर्षातले किमान 185 दिवस ब्रिटनमध्ये वास्तव्य हवं. अर्ज ऑनलाइन होतो, बोटीची मोजणी करायला कुणी येत नाही, फी अगदी मामुली आणि नोंदणी पाच वर्षांची. एसएसआर या अक्षरांपुढे एक नंबर मिळतो, तो बाहेरून दिसेल असा लावायचा. फ्रान्स, स्पेन, ग्रीस इथे हिंडायला एवढं पुरतं. पण हा कागद बोट कुठल्या देशाची ते सांगतो, कुणाच्या मालकीची ते सिद्ध करत नाही. शिवाय मालक निवृत्त होऊन पोर्तुगालला राहायला गेला की 185 दिवसांची अट मोडते आणि पाठोपाठ टेंपररी ॲडमिशनची सवलतही जाते. दोन्ही एकदमच. हा धक्का ब्रिटिश पेन्शनरांनी पुष्कळ खाल्ला आहे.

पार्ट वन ही जुनी, भारदस्त नोंदणी. इथे बोटीची मालकी 64 हिश्शांत विभागलेली असते. ही जुनी ब्रिटिश रीत अजून चालू आहे. निम्म्याहून जास्त, म्हणजे निदान 33 हिस्से, पात्र मालकांकडे हवेत: ब्रिटिश नागरिक, ब्रिटनमधली कंपनी वगैरे. त्यामुळे बिल ऑफ सेल, म्हणजे बोटीचं खरेदीखत, वाचताना त्यात ‘64 पैकी 64 हिस्से’ असं लिहिलंय ना, हे बघायचं. विकणाऱ्याकडे 32 च असतील तर बाकीचे 32 कदाचित त्याच्या घटस्फोटित बायकोच्या नावावर असतात.

नव्या बोटीला बांधणाऱ्या कारखान्याचा दाखला लागतो, जुनीला मागच्या पाच वर्षांच्या मालकीची साखळी. साखळीतला एखादा कागद गहाळ असला की महिने जातात. मग मान्यताप्राप्त सर्व्हेअर येऊन टनेज मोजतो. टनेज हे वजन नव्हे, बोटीच्या आतल्या जागेचं ते माप आहे. नाव निवडायचं, पण त्याच बंदराखाली त्याच नावाची दुसरी बोट नोंदलेली नको. बंदर यादीतून निवडायचं. तिथे कधी गेलं नाही तरी चालतं.

हे झालं की रजिस्ट्रीकडून एक चिठ्ठी येते, कार्व्हिंग अँड मार्किंग नोट. अधिकृत नंबर आणि टनेज बोटीच्या मुख्य तुळईवर कायमचं कोरायचं. फायबरच्या बोटीला तुळई नसते, तेव्हा पाटीवर कोरून ती पाटी आत अशी पक्की बसवायची की सहज निघू नये. नाव आणि बंदर मागच्या बाजूला ठळक लिहायचं. चिठ्ठी सही होऊन परत गेली की सर्टिफिकेट मिळतं. जुनी बोट बघायला जाल तेव्हा बॅटरी घेऊन हा कोरलेला नंबर शोधा आणि विकणाऱ्याच्या कागदाशी ताडून पाहा. खरेदीआधीची याहून स्वस्त तपासणी दुसरी नाही.

केमन, मार्शल किंवा माल्टा इथे कामाचा क्रम साधारण असाच असतो. फरक एवढाच की परदेशी माणसाला बहुधा तिथे कंपनी काढावी लागते किंवा स्थानिक प्रतिनिधी नेमावा लागतो. त्याची दरवर्षीची फी असते. कंपनीमागचा खरा मालक कोण, पैसा आला कुठून, हे दाखवावं लागतं. दहा मीटरच्या बोटीसाठी केमनची कंपनी काढणं म्हणजे बोटीपेक्षा वकील महाग.

आणि दिलेला झेंडा काढूनही घेतात. मार्च 2022 मध्ये रशियावरच्या निर्बंधांनंतर ब्रिटनने कायदा बदलून रशियाशी संबंध असलेल्यांची नोंदणी नाकारायची आणि असलेली रद्द करायची सोय केली. नोंदणी गेली की विमा, बंदरातला प्रवेश, सगळंच अडचणीत येतं.

झेंडा बदलताना

खरी जोखीम या मधल्या काळात असते. जुन्या देशाच्या रजिस्टरमधून नाव कमी झाल्याचा दाखला, म्हणजे डिलीशन सर्टिफिकेट, मिळाल्याशिवाय नवा देश कायमची नोंदणी देत नाही. जुन्या रजिस्टरवर कर्जाचा बोजा असेल तर तो फिटल्याशिवाय जुना देश नाव कमी करत नाही. विकणारा पैसे मिळाल्याशिवाय कर्ज फेडत नाही आणि घेणारा नोंदणीची खात्री झाल्याशिवाय पैसे सोडत नाही. ही गाठ सोडवायला व्यवहाराच्या दिवशी वकील किंवा ब्रोकर पैसे मध्ये धरून ठेवतात, दोन्ही रजिस्ट्र्यांची माणसं फोनवर असतात आणि कागद एकापाठोपाठ एक सुटतात. मधल्या काही महिन्यांसाठी नवा देश तात्पुरतं सर्टिफिकेट देतो. त्याची मुदत कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवा.

ती चुकली तर काय होऊ शकतं याचा दाखला एका तेलवाहू जहाजाच्या खटल्यात आहे. ‘सायगा’ हे जहाज सेंट व्हिन्सेंट अँड ग्रेनेडाइन्स या कॅरिबियन देशाच्या तात्पुरत्या नोंदणीवर होतं. त्या सर्टिफिकेटची मुदत 12 सप्टेंबर 1997 ला संपली. 28 ऑक्टोबरला गिनी देशाने जहाज पकडलं. कायमचं सर्टिफिकेट आलं 28 नोव्हेंबरला. गिनीने युक्तिवाद केला की पकडलं त्या दिवशी या जहाजाला देशच नव्हता, मग सेंट व्हिन्सेंट दाद मागतोय कशाच्या जोरावर? हॅम्बुर्गच्या आंतरराष्ट्रीय सागरी न्यायाधिकरणाने 1999 च्या निकालात तो अमान्य केला आणि जहाज पकडणं बेकायदा ठरवलं. पण तिथे जहाजाच्या पाठीशी अख्खा देश उभा राहिला होता. तुमच्या-आमच्या बोटीसाठी कुठलं सरकार हॅम्बुर्ग गाठणार आहे?

झेंड्याबरोबर रेडिओही बदलतो आणि नेमकं हेच विसरलं जातं. बोटीच्या व्हीएचएफ रेडिओत नऊ आकड्यांचा एमएमएसआय नंबर भरलेला असतो. पहिले तीन आकडे देशाचे: भारत 419, मार्शल बेटं 538, केमन 319, ब्रिटन 232 ते 235. झेंडा बदलला की नंबर नवा, आणि तो रेडिओ, एआयएस (आसपासच्या जहाजांना आपली जागा कळवणारं यंत्र) आणि ईपर्ब या तिन्हींत नव्याने भरावा लागतो. ईपर्ब म्हणजे बोट बुडायला लागली की उपग्रहाकडे हाक पाठवणारं ते पिवळं यंत्र. त्यात जुन्या देशाचा कोड राहिला तर ती हाक जुन्या देशाच्या बचाव केंद्राकडे जाते. तिथला अधिकारी फोन लावतो तुम्हाला बोट विकून मोकळ्या झालेल्या माणसाला. तो घरात चहा पीत असतो आणि सांगतो, "माझी बोट? मी तर मागच्या वर्षीच विकली!" यात वाया गेलेली मिनिटं थंड पाण्यात पडलेल्या माणसाची असतात. अनेक यंत्रांत हा कोड घरी बदलता येत नाही, सर्व्हिस सेंटरला पाठवावं लागतं. म्हणून कागदांच्या यादीत हे काम शेवटी नको, वरच घाला.

आणि काही विपरीत घडलंच, तर झेंडा ठरवतो की चौकशीला कोण येईल. 19 ऑगस्ट 2024 च्या पहाटे सिसिलीत पोर्टिचेल्लोजवळ नांगरून उभी असलेली 56 मीटरची ‘बेझियन’ ही शिडाची यॉट वादळात बुडाली. सात जण गेले. पाणी इटलीचं, बांधणी इटलीतली, इटलीचे सरकारी वकीलही तपासात उतरले. पण यॉटवर झेंडा ब्रिटनचा होता, म्हणून अपघाताचं तांत्रिक कारण शोधायला ब्रिटनची सागरी अपघात तपास शाखा उतरली. तिच्या मे 2025 च्या अंतरिम अहवालात गणित मांडलं आहे की शिडं उतरवलेली आणि मधला कील (तळातून पाण्यात सोडायचा पंखा) वर घेतलेला असताना 63.4 नॉट्सपेक्षा जास्त वेगाचा वारा थेट कुशीवर आला तर ही यॉट उलटू शकत होती. ही माहिती यॉटवरच्या स्थैर्याच्या पुस्तिकेत नव्हती. असा तपास करून निष्कर्ष जाहीर करणारी यंत्रणा प्रत्येक देशाकडे असते असं नाही. स्वस्तातला झेंडा निवडताना हा विचार फार कमी जण करतात.

स्वस्ताचा विषय निघालाच आहे तर ‘24 तासांत रजिस्ट्रेशन, सर्व्हे नको, वास्तव्य नको’ असं सांगणाऱ्या वेबसाइटींबद्दलही बोलायला हवं. काही देशांच्या नावाने खोट्या रजिस्ट्र्या चालतात. त्या देशाच्या सरकारला त्यांचा पत्ताही नसतो आणि आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेत हा विषय वारंवार येतो. अशा ठिकाणी पैसे भरण्यापूर्वी त्या देशाच्या सागरी खात्याला थेट ईमेल करून विचारावं. उत्तर आलं नाही, तर तेच उत्तर समजावं.

भारतात राहणाऱ्यांसाठी

मांडवीत किंवा मुंबईच्या बंदरात छोटी स्पीडबोट ठेवायची असेल तर यातलं काहीच लागू नाही. गोव्यात पणजीच्या कॅप्टन ऑफ पोर्ट्सकडे जायचं, महाराष्ट्रात मेरीटाइम बोर्डाकडे. समुद्रगामी भारतीय जहाजांची नोंदणी मर्कंटाइल मरीन डिपार्टमेंट करतं आणि त्यावर मुंबईच्या डीजी शिपिंगचा, म्हणजे नौवहन महासंचालनालयाचा, अंमल असतो. 1958 च्या कायद्यात भारतीय जहाज म्हणजे पूर्णपणे भारतीय नागरिक, कंपनी किंवा सहकारी संस्थेच्या मालकीचं, अशी कडक व्याख्या होती. 2025 मध्ये संसदेने नवा मर्चंट शिपिंग कायदा मंजूर करताना ती सैल केली आणि अनिवासी भारतीय, ओसीआय कार्डधारक (परदेशी नागरिकत्व घेतलेले भारतीय वंशाचे लोक) यांनाही दार उघडलं.

पुण्या-मुंबईत राहून भूमध्य समुद्रात परदेशी झेंड्याची बोट ठेवायची इच्छा असेल तर आधी सीएला भेटा, ब्रोकरला नंतर. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत माणशी एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात. बोटीसारख्या खरेदीसाठी 10 लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. तो पुढे रिटर्नमध्ये वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात. भारतात रहिवासी असलेल्याला दरवर्षी आयकर रिटर्नच्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात ही बोट दाखवावी लागते, तिच्यापासून एक रुपया मिळत नसला तरी. बोट कंपनीच्या नावावर असेल तर त्या कंपनीतले शेअर्स दाखवायचे. दाखवलं नाही तर 2015 च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली 10 लाखांचा दंड बसू शकतो. वर्षानुवर्षं दुबईत राहून परतलेली मंडळी इथेच चुकतात. परतल्यावर पहिली काही वर्षं त्यांना सूट असते. ती संपते त्या वर्षी आठवण करून द्यायला कुणी येत नाही.

तीच बोट कायमची मुंबईला आणायची म्हटली तर ती आयात ठरते. 22 सप्टेंबर 2025 पासून हौसेच्या यॉटवर जीएसटी 40 टक्के आहे, सीमाशुल्क त्याहून वेगळं. त्या वेळी तिच्यावर झेंडा बिकिनीचा आहे की कार्डिफचा, हे कस्टमवाला फक्त फॉर्म भरण्यापुरतं विचारतो.